पोट माहं हाय

लग्न होऊन मी आसेगावला आले, दोन लेकरं झाली आणि मग उजव्या बरगडीखालचं दुखणं सुरू झालं. तेलकट खाल्लं की कळ उठायची, ती थेट पाठीत शिरायची. मी चुलीपुढंच गडबडा लोळायची. कळ ओसरली की उठून पुन्हा भाकरी थापायची. सासूबाई म्हणायच्या, "पित्त हाय. लिंबू चोख."

एका उन्हाळ्यात डोळे पिवळे झाले. अंगाला अशी खाज सुटली की मी खाटेच्या सुंभावर पाठ घासत बसे. गावात कावीळ उतरवणारा एक म्हातारा होता. त्यानं विळा तापवून माझ्या पोटाला डाग दिला. पिवळेपणा जरासा उतरला, सगळे खूश झाले. पण डाग भरायच्या आतच मी पुन्हा पिवळी झाले, वर हुडहुडी भरून ताप.

तेव्हा मालकांनी मला वाशीमला डॉक्टरकडं नेलं. त्यानं पोट दाबून पाहिलं. म्हणाला, पित्ताच्या पिशवीत खडे झालेत, एखादा नळीत अडकलाय, अकोल्याला नेऊन पोट उघडावं लागेल.

घरी हे सांगितलं तर सासूबाई म्हणाल्या, "पोटात गोटे? वावरात कमी पडले काय?" आणि त्यांनी म्हाताऱ्याला पुन्हा बोलावलं.

त्यानं अंगणात गोवऱ्या पेटवल्या. मी भिंत धरून उठले.

"हात लावू नका मले."

"काहून व?" सासूबाई म्हणाल्या. "मागच्या डागणीनं उतरली होती ना?"

"उतरली अन् परत चढली. मरायचंच असंन त अकोल्याले मरीन, डागून घेऊन मरनार नाही."

"लेकरं कोनाच्या भरवशावर टाकून चालली?"

"तुमच्या. इथं मेली तरी तुमच्याच भरवशावर राहतीन ना?"

मी रांजणातून तांब्या भरला आणि विस्तवावर ओतला. म्हातारा शिव्या देत उठला. ओसरीवर बसलेले मालक उठले, म्हणाले, "बैल जुपतो."

शेलूबाजारपर्यंत बैलगाडी, पुढं मोटार. प्रत्येक खड्ड्याला जीव कंठाशी यायचा.

अकोल्याच्या डॉक्टरनं मालकांना विचारलं, "तुमची तयारी आहे का?"

"पोट माहं हाय," मी म्हटलं. "मले इचारा."

तो माझ्याकडं वळला. "वाचशीलच असं सांगता येत नाही, बाई."

"न चिरता वाचीन काय?"

"नाही."

"मंग चिरा."

क्लोरोफॉर्मची गुंगी उतरली तेव्हा कुशीतून एक रबरी नळी बाहेर आली होती आणि खाटेखालच्या बाटलीत हिरवट पित्त ठिबकत होतं. जखम ठणकत होती, पण खाज थांबली. त्या सुखानं मला रडू आलं. डॉक्टरनं बशीत खडे दाखवले, हरभऱ्याएवढे, कंगोरेदार. मधे जखमेत पू झाला, ताप आला, मुक्काम वाढला. तरी मी उठले.

घरी आले तेव्हा लेकरं न्हाऊन-माखून, तेल-फणी करून दारात उभी होती. सासूबाई कितीतरी दिवस नीट बोलल्या नाहीत. एका दुपारी जवळ येऊन बसल्या.

"दाखव बरं."

मी लुगडं सरकवलं. त्यांनी वणावरून अलगद बोट फिरवलं. "लय मोठं चिरलं व," म्हणाल्या. "यंदा कापूस येचाले जाऊ नको."

वेचणी सुरू झाली तेव्हा मी कापसासाठी कमरेला ओटी बांधली आणि बायांबरोबर वावरात गेले.