मधलं चिन्ह

“अरे, म्हाताऱ्याने परत पाडली!” इंग्लंडमधल्या स्लाऊ गावच्या आमच्या भाड्याच्या घरात माझा रूममेट ओरडला.

पाडली म्हणजे माझी वेबसाइट. टेस्टिंगच्या नोकरीतून सुटून डेव्हलपर व्हायचं, तर सोमवारी ती बॉसला चालती दाखवायची होती. पुढची पानं, मागचा डेटाबेस, सगळं मी पुस्तकं चावून बांधलेलं. आम्ही फॉर्ममध्ये अर्ध्या महाराष्ट्राची आडनावं कोंबली. ‘कर’वाल्यांची अख्खी फौज बिनतक्रार आत गेली. पण आमच्या म्हाताऱ्या आयरिश घरमालकाने हौसेने स्वतःचं नाव टाकलं, की साइट पलीकडच्या मेडनहेड गावापर्यंत ऐकू जाईल अशी कोसळायची. माझी खात्री पटली, हा माणूस हेर आहे. त्याने दिलेला चहासुद्धा मी हुंगून पिऊ लागलो.

शेवटी पोलिसासारखा त्याच्या मागे उभा राहिलो. त्याने ‘ओ’ टाइप केला, त्यापुढे वर लटकणारा स्वल्पविराम, मग उरलेलं आडनाव. ते चिन्ह दिसताच डेटाबेसला वाटलं, नाव संपलं, आणि पुढची अक्षरं त्याला झेपेनात! साइट पुन्हा आडवी.

“सापडलात! अहो, हे मध्येच काय घुसडता?” मी गरजलो.

“ते माझं आडनाव आहे,” तो म्हणाला.