दोन होकारांचा शेअर

नाव: प्रेमराज झुलाल पाटील. वय: त्र्याहत्तर. राहणार: मेहरूण, जळगाव. शिक्षण: अकरावी, जुनी. व्यवसाय: शेअर गुंतवणूकदार, असे बँकेच्या फॉर्मवर स्वहस्ते भरलेले आहे. शरीरावरील ओळखखूण: दोन्ही अंगठ्यांची टोके झिजलेली.

अंगठे कापसाने झिजवले. धरणगावच्या एका जिनिंगमध्ये ते चौतीस वर्षं ग्रेडर होते. चिमूटभर कापूस दोन्ही अंगठ्यांत धरून ओढायचा आणि धाग्याची लांबी सांगायची. पुढे यंत्र आलं. यंत्राचं आणि त्यांचं सहसा जुळे. न जुळल्यास यंत्र दुरुस्तीला जाई.

शेअरचा नाद त्यांना शेजारच्या भाईदास मास्तरांनी लावला. मास्तर पेपरातला भाव रोज सकाळी आलेखाच्या कागदावर टिंब देऊन मांडत, आणि खाली त्या दिवशीच्या उलाढालीच्या उभ्या रेघा. प्रेमराजभाऊंचा कागदावर विश्वास नव्हता. ते एसटीने कंपनीच्या फाटकाशी जात, टपरीवर बसून कामगारांचे पगार वेळेवर होतात का ते विचारत आणि घरी येऊन वार्षिक अहवाल वाचत. शिकलेली माणसं यातल्या एकाला टेक्निकल म्हणतात, दुसऱ्याला फंडामेंटल. मेहरूणच्या तळ्याकाठच्या बाकावर त्यांची नावं ‘मास्तरांचा कागद’ आणि ‘भाऊंची फेरी’ अशी होती. दोन्हींचा होकार पडला तरच खरेदी.

भाऊ निवृत्त झाले आणि फंडाची रक्कम हाती आली. पत्नी कमलबाईंना त्यातून वर एक खोली चढवायची होती. भाऊंनी मात्र सगळी रक्कम लावण्यासाठी धुळ्याजवळची एक पाइपची कंपनी हेरली होती.

“मास्तर, दोन दिवस मोजी उनू. बठ्ठ्या गाड्या भरेल शेतस. फाटकवर रांग शे. अहवालमा विक्रीबी वाढेल शे.”

मास्तर गणित प्रमाण मराठीत बोलत, बाकी सगळं अहिराणीत. त्यांनी कागद पुढे केला. “भाव सहा आठवडे उतरतोय, आणि उतरताना उलाढाल वाढतेय. आतली बातमी असलेले लोक बाहेर पडताहेत.”

“तुमना कागदवर गाड्या दिसतस का?”

मास्तरांनी कागदाची घडी केली. पुढचे आठ दिवस दोघे बाकाच्या दोन टोकांना बसले.

“मास्तर नही म्हणतस ना?” कमलबाई म्हणाल्या. “मंग खोली बांधा.”

नवव्या दिवशी मास्तर स्वतःच फेरीला निघाले. “चला, मालेबी दखाडा.”

धुळ्याच्या त्या टपरीवरून फाटक समोरच दिसे. भाऊ ट्रक मोजू लागले. मास्तरांनी तिसरा चहा संपवला आणि फाटकाच्या आत बोट दाखवलं.

“भाऊ, भरेल गाड्या मजार जाई ऱ्हायन्यात.”

“मंग? भरेल गाडी मजारच जास.”

“जिनिंगमा. आठे पाइप बनतस. भरेल गाडी बाहेर निंघाले पाहिजे ना?”

चौतीस हंगाम भाऊंनी हेच पाहिलं होतं: भरलेली गाडी आत आली की बरकत. त्यांनी पुढच्या ट्रककडे नीट पाहिलं. ताडपत्रीखालून तयार पाइप डोकावत होते. टपरीवाल्याला सगळं ठाऊक होतं. पाइप उन्हात चिरत होते, म्हणून दुकानदार माल परत पाठवत होते. भाऊंनी हे त्याला विचारलं नव्हतं. त्यांनी पगाराचं विचारलं होतं, आणि पगार वेळेवर होत होते.

परतताना पारोळ्याला भाऊंनी भजी घेतली आणि निम्मी पुडी मास्तरांकडे सरकवली.

वर्षभरात कंपनीला कुलूप लागलं. तोवर खोली बांधून झाली होती. पावसाळ्यात बाकावर बसता येत नसे, तेव्हा दोघे त्या खोलीतच आलेख पसरत. कमलबाई चहा आणताना रेघांवर कप न ठेवण्याची काळजी घेत.

मास्तरांना जाऊन चार वर्षं झाली. नात ज्योतीने भाऊंच्या मोबाइलवर आलेख आणि कंपनीचे आकडे एकाच पडद्यावर आणून दिलेत. भाऊ रोज बघतात. फेऱ्याही सुरू आहेत. मागच्या महिन्यात पाचोऱ्याजवळची एक तेलाची कंपनी पाहून आले. गाड्या योग्य दिशेने जात होत्या, आलेखही चढता होता.

“मग घ्या ना, आबा,” ज्योती म्हणाली.

“दुसरा होकार कोना?”

गेल्या चार वर्षांत त्यांनी एकही शेअर घेतलेला नाही.