बसूची प्यादेमात

आमची पोस्ट उंच डोंगरात, सीमेला लागून होती. मी खजुरी गावचा, रेडिओ ऑपरेटर. लान्स नाईक बसवराज, आमचा बसू, शेजारच्या कोहिनूर गावचा, एलएमजीवर, म्हणजे हलक्या मशीनगनवर. ड्यूटी संपली की रेशनच्या खोक्यावर आखलेला बुद्धिबळाचा पट आम्ही मांडायचो. आमच्या गावांकडे हत्तीने केलेली मात साधी. प्याद्याने केली तर मान. बसूला ते त्याच्या वडिलांनी, अप्पांनी शिकवलेलं.

शेवटच्या डावात माझा राजा स्वतःच्याच प्याद्यांमागे कोपऱ्यात अडकला होता. बसूने हत्ती शेवटच्या ओळीत नेला असता तर मात होती. त्यालाही ती दिसत होती, पण त्याने प्यादं सरकवलं. माझ्या घोड्याने शह दिला आणि त्याच चालीत हत्तीही धरला. हत्ती गेला, मग डावही गेला. हातातोंडाशी आलेला घास घालवला म्हणून मी त्याला भरपूर चिडवलं.

दुसऱ्या दिवशी तो पेट्रोलवर, गस्तीला गेला. मी पोस्टवर रेडिओ सेटवर होतो. नाल्यातला हत्यारबंद माणूस सगळ्यांत आधी त्यालाच दिसला.

"टार्गेट साफ दिख रहा है. फायर की परमिशन. ओव्हर."

"वेट. जिंदा पकडना है. आउट." हे आमचे साहेब.

बसूने पुन्हा विचारलं. पुन्हा वेट. मग तिकडून गोळ्यांचा बर्स्ट आला आणि बसूचा आवाज बंद झाला. साहेबांना कैदी मिळाला नाही, बढती मात्र मिळाली. तो राग माझ्या मनातून गेलेला नाही, जाणारही नाही.

रिटायर झाल्यावर कोहिनूरला गेलो. बसूच्या मातीला आलेल्या अधिकाऱ्याने अप्पांना सांगितलं होतं की तुमच्या मुलाने फायर करायला उशीर केला. त्या डावाचं बसू त्याच रात्री अप्पांशी फोनवर बोलला होता. अप्पांनी तोच डाव मला मांडायला लावला.

"हातातली मात सोडून प्याद्याच्या नादाला लागला," ते म्हणाले. "तिथं बी तसंच केला असंल. सवय म्याच लावलेली."

"न्हाई अप्पा. पटावरची चूक त्याची. तिथं त्यानं दोनदा इचारलं. साहेबच थांब म्हणाले. म्या माझ्या कानानं ऐकलंय."

अप्पांनी हत्ती उचलून शेवटच्या ओळीत ठेवला.

"इतकी वर्सं पोरालाच बोल लावायलोय की रे. साहेबाच्या डावातली चूक कोण काढायचं?"

म्हणून इथे लिहून ठेवतो. लान्स नाईक बसवराज, कोहिनूर. त्याला वेळेत दिसलं होतं. त्याने वेळेत विचारलं होतं.