बरोबर उत्तरांनी खचलेले दाजी

चुकीच्या उत्तरावर आमच्या दाजींइतकी माया करणारा माणूस अख्ख्या कोल्हापूर जिल्ह्यात दुसरा सापडायचा नाही. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. इथल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात ते सिव्हिलच्या पोरांना तुळया, खांब आणि त्यांच्यावर पडणारे भार शिकवतात. लग्नाच्या हॉलमध्ये शिरल्यावर नवरा-नवरीच्या आधी त्यांची नजर छताकडे जाते. बिद्रीला एका पाहुण्यांनी नवीन घर बांधलं म्हणून जेवायला बोलावलं, तर ताट समोर आल्यावर हे वर बघून म्हणाले, "पावणं, हितं मधी एक खांब पायजे होता की!" आणि ताट उचलून भिंतीकडेला जाऊन बसले. घरमालकाचं पुढचं सगळं जेवण वर बघण्यात गेलं.

चूक विद्यार्थ्याची असली की मात्र हाच माणूस विरघळायचा. संध्याकाळी राजारामपुरीतल्या त्यांच्या फ्लॅटवर जावं, तर सोफ्यावर वह्यांचा ढीग आणि दाजी एकेक चूक ताईला कौतुकानं वाचून दाखवतायत. "ह्यानं तुळईचं स्वतःचं वजनच धरलं न्हाय. घाईचं पोरगं हाय." "ही भागाकाराला भित्याय बघ." कुणाची चूक कुठल्या बाकावरून निघून कुणाकडे मुक्कामाला गेली, हेही ते बिनचूक सांगायचे. ताईनं पोरांची तोंडं पाहिलेली नसायची, पण मंडईत कुणी पाया पडायला आला, की ती नाव ऐकून विचारायची, "वजन विसरणारा तूच न्हवं?"

मग पोरांच्या फोनमध्ये एआय आलं आणि चुका आटल्या. ज्याला स्वतःच्या रजेचा अर्ज धड लिहिता येत नव्हता, तो असं इंग्रजी लिहू लागला की दाजींनाच शब्दकोश उघडावा लागे. एआयवर त्यांचा राग होता असं नाही. एक अख्खी दुपार ते त्याच्याशी गप्पा मारत बसले आणि शेवटी म्हणाले, "हुशार हाय, आणि माझ्यापेक्षा शांत हाय." पण वह्या तपासायला बसले की त्यांचा चेहरा उतरायचा. "सगळं बरोबर हाय गं," ते ताईला म्हणायचे, "पण ह्यात एकबी पोरगं न्हाय." मग वह्या मिटून गॅलरीत जाऊन उभे राहायचे.

त्यावर त्यांनी तोड काढली. वर्गात जाहीर केलं, की प्रत्येकानं गणित सोडवताना झालेली आपली स्वतःची एक चूक लिहून आणायची, तिला पाच मार्क. प्राचार्य हसले, पोरं खूश झाली. आठवड्यानं वह्या आल्या आणि दाजी पहिली दोन पानं वाचून पुढची भराभर उलटू लागले. पोरांनी चुकाही एआयकडूनच करून आणल्या होत्या! अख्ख्या वर्गाचं दशांशचिन्ह एकाच दिशेला, एकाच घरानं सरकलेलं, आणि खाली शुद्ध इंग्रजीत दिलगिरी. "ह्या चुका कुणी केल्याच न्हाईत, नुसत्या लिहिल्यात," ते म्हणाले. त्या रात्री आम्ही तिघं जेवत असताना त्यांनी जूनमध्ये नोकरी सोडायची असं सांगून टाकलं. नंतर स्वयंपाकघरात ताई मला म्हणाली, "वर्गाबिगर हा माणूस वाळून जाईल रे." मलाही तीच भीती वाटत होती.

पुढच्या एका रविवारी मी त्यांच्याकडे जेवायला गेलो होतो. ताटावर बसलो, तर दारात एक मुलगी उभी. चंदगडकडची, वर्गातली सगळ्यात गप्प बसणारी, असं दाजींनी नंतर सांगितलं. तिनं वही पुढे केली. भिंतीतून बाहेर आलेल्या गॅलरीच्या आकृतीत काँक्रीटमधली लोखंडी सळई तिनं वर टाकायची ती खाली टाकली होती. दाजींचे डोळे असे चमकले, की मला वाटलं मुलीला पेढा देतात.

"फोनला इचारलं न्हाईस?"

"इचारलं की सर. लई छान सांगतंय. परत परत सांगितलं."

"मग?"

मुलीनं मान खाली घातली. "दरवेळी मी कळलं म्हटलं. त्याला खरं वाटलं."

दाजींनी माझ्या ताटाशेजारची अख्खी काकडी उचलून टेबलाच्या कडेवर ठेवली, मागचं टोक दाबून धरलं आणि पुढे आलेलं टोक तिला खाली रेटायला लावलं. काकडी वरून तडकली. "तडा कुठनं गेला? मग सळई कुठं पायजे?"

"वर."

"कळलं?"

"व्हय सर."

दाजींनी तिच्या तोंडाकडे नीट पाहिलं आणि ते म्हणाले, "न्हाय कळलं." मग ताईला हाक मारली, "दुसरी काकडी आण गं."

मुलगी आधी दचकली आणि मग खुदकन हसली, बऱ्याच दिवसांनी कुणी तरी पकडल्यासारखी. तिची गॅलरी उभी राहीपर्यंत कोशिंबिरीपुरतीही काकडी उरली नाही. ती गेल्यावर ताईनं हळूच विचारलं, "मग जूनचं काय?" दाजी काकडीचे तुकडे गोळा करत म्हणाले, "जूनला कसं सोडू? तिला अजून खांब येत न्हाईत."

मी हसलो, पण मला भरून आलं. शाळा-कॉलेजात मीही कायम "कळलं" म्हणत आलो. सगळ्या मास्तरांनी माझ्यावर विश्वास ठेवला आणि पुढचा धडा शिकवायला घेतला.