बंद केलेलं मागचं दार

प्रतीक्षा काळमेघच्या पर्समध्ये लॅमिनेटचे नमुने असत, मोजायची टेप असे, आणि फेब्रुवारी सरला की एक कांदा असे. अमरावतीतली नावाजलेली इंटिरियर डिझायनर, बंगलेवाले तिच्या तारखेसाठी थांबून राहतात, आणि पर्समध्ये कांदा. कोणी पाहिला तर ती हसून वेळ मारून न्यायची. पण तो काढून ठेवायची हिंमत तिला चाळिशीतही झालेली नव्हती.

त्याला कारण तिची आई, गंगूबाई. तिवशाजवळ त्यांचं वांग्या-टमाट्याचं छोटं वावर होतं. आई-वडील मिळून भाजी पिकवायचे आणि वडील, वामनराव, ती अमरावतीच्या बाजारात न्यायचे. प्रतीक्षा अकरा वर्षांची असताना मे महिन्यात गंगूबाईला ऊन लागलं. शेतात नाही हं, घरात. पदराला कांदा बांधलेला होता, तरी लागलं. दुपारी भाकरी करून बाई टिनाखाली जरा आडवी झाली ती उठलीच नाही. दवाखान्याच्या थंड खोलीत दोन दिवस काढले आणि गेली. प्रतीक्षाला आता आईचा चेहरा नीटसा आठवत नाही, ती खोली मात्र लख्ख आठवते. पांढरं छत, बंद काचा, आणि ऊन पार बाहेर. घरी अशी एक खोली असती तर माय वाचली असती, हे तिच्या डोक्यात तेव्हा जे बसलं ते कायमचं.

मुलाखतीत विचारतात ना, मॅडम, तुमची प्रेरणा काय, तेव्हा ती परदेशी मासिकांची नावं सांगायची. लोकांना तेच ऐकायचं असतं, सांगेल काय बिचारी. खरी प्रेरणा भीती होती. साइटवर गेली की तिचा पहिला हुकूम ठरलेला, उघडं दिसेल ते बंद करा. पश्चिमेची खिडकी बंद. कूलरची खिडकी तर आधी बंद. वऱ्हाडात कूलरची म्हणून एक खिडकी असतेच. मार्च लागला की तो लोखंडी डबा माळ्यावरून उतरतो, त्याचं गवत बदलताना घरातल्या सगळ्यांची एकमेकांशी भांडणं होतात, आणि मग तो जून संपेपर्यंत खिडकीला लटकून घरघरत राहतो. प्रतीक्षाला तो डबा डोळ्यांसमोर नको असे. तिच्या घरांत एसी, जाड पडदे, न उघडणाऱ्या काचा. आणि खोटं कशाला बोलावं, तिची घरं थंडगार असत. पाहुणे आत आले की आधी हुश्श करत.

अकोल्याचं घरही असंच झालं होतं. डाबकी रोडवर खुशालराव आणि मनकर्णाबाई, दोघंच म्हातारे. पुण्यातल्या मुलाने हट्ट धरला म्हणून घर नवं करायचं ठरलं. स्वयंपाकघराला मागचं दार होतं. ते उघडलं की दोन हात रुंदीचा बोळ आणि समोर रहिमाबीचं मागचं दार. तीस वर्षं त्या बोळातून वाट्या, डबे, तापाच्या गोळ्या आणि गावभरच्या बातम्या इकडून तिकडे जात आल्या होत्या. प्रतीक्षाने तिथे उभं राहून बाहेरचं ऊन पाहिलं आणि म्हणाली, "हे बंद करू. इथे छतापर्यंत कपाट होईल."

"अवं, माणसं येतात तिथून," मनकर्णाबाई म्हणाल्या.

"माणसं पुढच्या दाराने येतील, आई."

पुढचं दार तिने जाडजूड करवलं, कडांना रबर, ओढलं की आपोआप कुलूप. मुठीने ठोकून दाखवलं, पाहा, आत आवाज जातो का. खुशालराव खूश झाले. मनकर्णाबाई रुसल्या, पण म्हातारं माणूस रुसतंच, त्याकडे लक्ष कोण देतं.

यंदाच्या मे महिन्यातली गोष्ट. अमरावतीत एका सभागृहात प्रतीक्षाचं व्याख्यान होतं, 'उद्याचं घर'. बाहेर पारा सेहेचाळीसवर, आत शंभरेक मंडळी एसीत निवांत. ती म्हणाली, "ऊन दरवर्षी वाढणार. उद्याच्या घरात खिडकी बघण्यापुरती असेल, उघडण्यासाठी नाही. घर जितकं बंद, तितका माणूस सुरक्षित." टाळ्या पडल्या. टाळ्या चालू असतानाच तिचा फोन थरथरला. खुशालराव. ते सकाळपासून मोझरीला आश्रमात भजनाला गेलेले होते.

"बेटा, आमच्या भागातली डीपी जळाली म्हणते," ते म्हणाले. आवाज घाबरा होता. "सकाळी नवापासून लाईट नाही. तिले फोन लावून लावून थकलो, उचलतच नाही. एकटी आहे घरात. एक किल्ली माझ्यापाशी आहे, दुसरी तुझ्यापाशी आहे न?"

होती. एका कपाटाची बिजागरी बदलायची राहिली होती, म्हणून दुसरी किल्ली तिच्या पर्समध्येच पडून होती. कांद्याच्या शेजारी.

"रहिमाबींना सांगा ना बघायला."

"तिचा नंबर हिच्याच मोबाईलात. मले कुठी माहीत."

घड्याळात साडेबारा झाले होते. प्रतीक्षा माईक ठेवून तशीच निघाली. आयोजक चहाचं विचारायला आला, त्याच्याकडे तिने बघितलंही नाही.

बडनेरा ओलांडेपर्यंत तिचा हिशेब चालू होता आणि तो दर मिनिटाला वाईट होत होता. इन्व्हर्टर चार तास चालतो, तोही नुसत्या पंख्यांवर. म्हणजे एकला पंखे बंद. एसी तर नऊलाच बंद. बेडरूमची काच उघडत नाही, ती उघडणारी नको असं आपणच सांगितलं होतं. हॉलच्याही नाहीत. कूलरच्या खिडकीवर आपण टीव्हीची भिंत उभी केली. स्लॅब दोन वाजता तापून निघेल आणि आतली हवा बाहेर पडायला एक बोटभर फट नाही. बाईंना बीपी आहे, गुडघे धरलेले आहेत. पडल्या असतील तर कोणाला हाक ऐकू जाणार. दार असं करून दिलंय की आतून कितीही ओरडलं तरी बाहेर कळू नये.

तिने फारुखला फोन लावला. फारुख तिचा अकोल्याचा सुतार, डाबकी रोडपासून दहा मिनिटांवर. त्याला दार फोडायला सांगायचं होतं. फोन वाजत राहिला. त्याच्या कटर मशिनपुढे त्याला कधी फोन ऐकू येत नसे. तिने पाच वेळा लावला, मग मनकर्णाबाईंना लावला, मग पुन्हा फारुखला. उचलला कोणीच नाही. शेवटी तिने फारुखला मेसेज टाकला, डाबकी रोडला जा, दार फोड.

मूर्तिजापूरच्या अलीकडे तिला गाडीतला एसी सहन होईना. बंद काचांच्या आत आपण गार बसलोय, याचीच तिला शिसारी आली. तिने चारही काचा खाली केल्या. झळ तोंडावर आली, डोळे चुरचुरले, तरी तिने काचा वर घेतल्या नाहीत. पर्समधला कांदा काढून तिने मुठीत धरला आणि तसंच स्टिअरिंग पकडलं. अकरा वर्षांची होती तेव्हा खेळून घरी आली होती, आई भिंतीकडे तोंड करून झोपली होती आणि तिने दोन वेळा हाक मारून पुन्हा खेळायला पळ काढला होता. हे तिने आजवर कोणाला सांगितलेलं नाही, वामनरावांनाही नाही. कुरणखेड गेलं, बोरगाव मंजू गेलं, आणि ती मोठ्याने बोलत होती, आई उठ, आई उठ. कोणत्या आईला, ते तिचं तिलाही ठाऊक नव्हतं.

घरापुढे गाडी लावली तेव्हा सव्वादोन वाजले होते. गल्लीत चिटपाखरू नाही. बेल दाबली, ती वाजली नाही. लाईट नाही तर वाजेल कशी. मग कांदा तसाच मुठीत ठेवून दुसऱ्या हाताने दारावर थापा मारल्या. थाप लाकडातच जिरली. तिच्या हाताला मार लागला, आवाज मात्र झाला नाही. किल्ली कुलपात जाईना, तिसऱ्या खेपेला गेली.

आतली हवा अंगावर आली आणि तिला टिनाच्या घराचा वास आला. खरं तर इथे टिन नव्हतं, पॉलिश होतं, इटालियन टाइल होती, तरी वास तोच. "आई?" तिने हाक मारली. पडदे ओढलेले, हॉलमध्ये अंधार. जेवणाच्या टेबलावर मनकर्णाबाईंचा मोबाईल पडला होता, एकवीस मिस्ड कॉल. चष्मासुद्धा तिथेच. बेडरूमचं दार लोटायला प्रतीक्षाने हात पुढे केला आणि मागे घेतला. आत बघायचं धैर्य होईना. शेवटी डोळे मिटूनच दार लोटलं.

पलंग रिकामा होता. चादर चुरगळलेली, उशी खाली पडलेली. तिने पलंगाच्या पलीकडे पाहिलं, बाथरूममध्ये पाहिलं, देवघरात पाहिलं. बाई नाहीत. दार कुलूपबंद, काचा बंद, आणि बाई नाहीत. आता राहिलं होतं फक्त स्वयंपाकघर.

स्वयंपाकघरातही कोणी नव्हतं. पण छतापर्यंतच्या त्या उंच कपाटाचं दार अर्धवट उघडं होतं आणि आत, फळ्यांच्या मागे, उन्हाची एक उभी रेघ दिसत होती. तिथे ऊन असायचं काही कारणच नव्हतं. ती जवळ गेली. खालच्या खणात फळ्याच नव्हत्या, माणूस वाकून जाईल एवढी जागा मोकळी होती. तिने पाठीमागची फळी ढकलली आणि ती बिजागरीवर फिरून बोळात उघडली.

समोर रहिमाबीचं दार सताड उघडं होतं. दाराला वाळ्याची ताटी बांधलेली, तिच्यावरून पाणी ठिबकत होतं. ताटीआड मनकर्णाबाई बसल्या होत्या, पाय पाण्याच्या घमेल्यात, मांडीवर सूप, आणि लोणच्यासाठी कैऱ्या चिरणं चाललं होतं. शेजारी रहिमाबी मसाला निवडत होत्या.

"अवं, तू कावून आली वं उन्हाची?" मनकर्णाबाई म्हणाल्या. "आणि हातात कांदा काय धरून राहिली?"

प्रतीक्षा बोळातच मटकन खाली बसली आणि रडली. चारचौघांत रडणारी बाई नव्हे ती, पण आज रडली. रहिमाबीने तिला आत ओढलं, डोक्यावर ओला टॉवेल टाकला, पन्ह्याचा ग्लास तोंडाला लावला. मनकर्णाबाईंना वाटलं तिला ऊन लागलं, म्हणून त्यांनी तिचे तळपाय कांद्याने चोळायला घेतले. आधी खुशालरावांना फोन करा, एवढंच ती पुन्हा पुन्हा म्हणत राहिली.

त्यांचा फोन होऊन ते शांत झाले तोवर फारुख आला. मिस्ड कॉल आणि मेसेज पाहून मोटारसायकल तशीच हाणत आला होता, केसांत लाकडाचा भुसा. बोळात उघडी फळी आणि रहिमाबीच्या दारात बसलेली मॅडम पाहून त्याचा चेहरा उतरला.

"मॅडम, माझी गलती झाली," तो म्हणाला. "आईनं हात धरला माझा. म्हणे, मॅडमले कपाट करून दे, मले दार राहू दे. मी मागची फळी पक्की केलीच नाही."

"मीच म्हटलं त्याले," मनकर्णाबाई म्हणाल्या. "त्याले काही बोलू नको."

प्रतीक्षा त्याला काही बोलणार नव्हती. त्याचे हात धरावेत असं तिला वाटत होतं. तिने विचारलं, "आणखी कुठे कुठे असं केलंस?"

फारुखने बोटं मोजली. "सहा घरांत. कोणाचं दार, कोणाची खिडकी. पडद्यामागं, कपाटामागं. ज्या घरच्या म्हाताऱ्या माणसानं चुपचाप सांगितलं, त्या घरी ठेवलं."

सहा. तिने बंद केलेली घरं चाळीसच्या वर होती. आणि मग तिला आठवलं की अमरावतीच्या तिच्या स्वतःच्या घराचं कामही फारुखनेच केलं होतं. त्या घरात आता, या घडीला, वामनराव एकटे होते.

"आणि माझ्या घरी?"

"तुमच्या घरी नाई ठेवलं," फारुख म्हणाला. " वामनकाकांनी म्हटलं होतं मले, दोन खेपा म्हटलं. पण तुमी समोरच उभ्या होत्या न."

तिने फोन लावला. एक रिंग, दोन, चार. सहाव्या रिंगला वामनरावांचा झोपाळलेला आवाज आला, "काय झालं वं?"

"बाबा, लाईट आहे?"

"हाये, आतापर्यंत तरी. कावून?"

"उठा. पुढचं दार उघडा आणि दारातच खुर्ची टाकून बसा. मी आणि फारुख येऊन राहिलो, तोवर लावू नका."

"अवं, ऊन येते न आत," वामनराव म्हणाले.

"येऊ द्या बाबा," ती म्हणाली. "ऊन येऊ द्या."