शेकाट्यांचं बारसं

उदगीरच्या अलीकडं, गावाच्या उताराला तळं आहे. तिथं जगदेवीअक्काच्या म्हशी चरायच्या अन् अक्काची जीभ चालायची. पाणकणसात लपणाऱ्या पाणकोंबड्या, तरंगत्या पानांवरून चालणारे कमळपक्षी, चिखलातले किडे टिपणारे शेकाटे, सगळ्यांना ती लाडानं शिव्या घालायची. पोटी लेकरू नव्हतं, मग लाड करणार कुणाचे? दुसऱ्यांच्या बारशाला ती आपली मागं उभी राहायची. पाळण्यापाशी तिला कुणी बोलवायचं नाही.

उन्हाळ्यात पाणी हटलं अन् शेतात टाकायला गाळ नेणारे ट्रॅक्टर सुरू झाले. नेमकं त्यांच्याच वाटेत, ओल्या गाळावर, शेकाट्याच्या मादीनं चार अंडी घातलेली. लांब लाल पाय दुमडून बसली होती बिचारी. अक्कानं ट्रॅक्टरवाल्या मल्लिनाथला सांगून पाहिलं. तो म्हणाला, पाखराच्या अंड्यापायी वाट बदलली तर लोक हसतील. मग काय! अक्कानं सात दगड आणले, शेंदूर फासला अन् अंड्यांच्या अलीकडं मांडले. साती आसरा! पाण्यातल्या देवींवर चाक घालायची छाती कुणाची? मल्लिनाथनं हात जोडले अन् लांबून वळसा घातला.

पण करायला गेली गणपती अन् झाला मारुती. मंगळवारी अर्धं गाव नारळ-उदबत्त्या घेऊन चिखलात हजर. शेकाटे वर ओरडत घिरट्या घालायला लागले, खाली अंडी उन्हात उघडी. खरं सांगावं, तर ट्रॅक्टर परत सरळ वाटेनं येणार. गप्प बसावं, तर अंडी उकडणार. ती पदर खोचून पुढं झाली.

"मागं सरा. आसरा बाळंत हायत. सव्वा महिना व्हायच्या आधी बाळंतिणीपाशी गर्दी करतेत व्हय?"

बायका चटकन मागं सरल्या. बाळंतपणाचं त्यांना काय सांगायचं! गड्यांना त्यांनीच हाकललं.

बाळंतपणामागून बारसं येतं, हे मात्र अक्का साफ विसरली. सव्वा महिना सरला अन् बायका घुगऱ्या, कुंची घेऊन पाळण्याची गाणी म्हणत आल्या. दगडांपाशी बाळंतीण कुठली? मुठीएवढी चार पिल्लं लांब टांगा टाकत गाळात पळत होती. अक्काचा चेहरा उतरला. सगळ्यांत म्हातारी साखराबाई पिल्लांकडं बघत राहिली, मग अक्काकडं. तिला सगळं उमगलं अन् ती पोट धरून हसली. ओंजळभर घुगऱ्या तिनं आधी अक्काच्या पदरात टाकल्या.

"पहिला मान तुझा, जगदेवी. बाळंतपण तू केलंस."

अक्काला रडू आलं. ते लपवायचंही तिला सुचलं नाही.

दुसऱ्या उन्हाळ्यातही मल्लिनाथ वळसा घालूनच जात होता. म्हशींमागं फिरताना एखादा शेकाटा अंगावर ओरडत आला, की अक्का कमरेवर हात ठेवून त्याला सुनावते, "गप रे. तुझ्या बारशाच्या घुगऱ्या खाल्ल्यात म्या."