नंबरची संत्री

त्या संध्याकाळी काठावरच्या दगडावर बसून आम्ही दोघांनी एका शास्त्रज्ञ बाईची संत्री खाल्ली. बायकोसोबत केलेलं ते माझं शेवटचं काम. ती सोलायची, मी खायचो. मला सोलायला दिलं की सालीबरोबर अर्धं संत्रं जातं, म्हणून लग्नापासून ती माझ्या हातात फळ देतच नव्हती.

आमचं घर नाशिकजवळच्या एका धरणाच्या काठाला. पलीकडे आता हॉटेलं झालीत. शहरातले लोक तिथं शांतता बघायला येतात आणि स्पीकर लावून तिला हाकलून देतात. त्यांचं घाण पाणी धरणात उतरतं, हे सगळ्यांना ठाऊक. ते आमच्या काठाला येतं का, एवढंच बघायचं होतं, कारण गावची प्यायच्या पाण्याची विहीर आमच्याच बाजूला. त्यासाठी ही बाई आली. एवढी शिकलेली, आणि केलं काय, तर पेटीभर संत्र्यांवर काळ्या शाईनं नंबर टाकून पलीकडून पाण्यात सोडली. संत्रं जवळजवळ पूर्ण बुडून तरंगतं, वारा त्याला फार ढकलत नाही, पाणी नेईल तिकडं जातं म्हणे. मला म्हणाली, "बाबा, इकडं लागलं तर हात लावू नका, फोन करा."

माझ्या बायकोनं ऐकलं आणि पदर खोचला. "फोन बिन काय नाय करायचा. माणसांना खायला नाय आन् ही धरणाला फळं चारती! अन्न हाय ते." काठाला लागलेलं एकूण एक संत्रं तिनं वेचलं. साली सुपात घालून पत्र्यावर वाळत टाकल्या, दिवाळीच्या उटण्याला. नुकती संक्रांत झाली होती, पण हिची दिवाळीची तयारी सुरू.

दुसऱ्या दिवशी चहा टाकायला उठली, चुलीपाशी बसली, ती बसलीच.

दहाव्याला डोकं भादरून घरी आलो, तर शास्त्रज्ञ बाई ओट्यावर बसलेली. हळहळली. मग कामाचं बोलली. "बाबा, तुमच्या बाजूला एकही लागलं नाही ना? मी तसंच लिहितेय. तिकडचं पाणी इकडं येत नाही."

आता आली का पंचाईत! गप्प बसलो, तर अख्खं गाव हॉटेलांचं पाणी खुशाल पिणार. बोललो, तर बायको मेल्यावर दहाव्या दिवशी गावात हसं व्हायचं, की म्हातारीनं शास्त्र खाल्लं. टकलावरून हात फिरवला. मग शिडी लावली आणि सूप खाली आणलं.

ती बाई बघतच राहिली. "आजींनी सगळा प्रयोग खाल्ला की हो!"

"नुसता नाय खाल्ला. धुऊन खाल्ला."

"कुठल्या पाण्यानं?"

मी धरणाकडं बोट केलं.

मग ती फतकल मारून बसली आणि सालींचे तुकडे जुळवून नंबर वाचायला लागली. बायको असती तर म्हणाली असती, यासाठी शिकलीस होय गं? वाचून झालं तशी तिनं प्लास्टिकची पिशवी काढली. मी सूप ओढून घेतलं.

"बाबा, मला पुरावा लागेल."

"फोटो काढ. त्या उटण्याच्या हायेत."

"उटणं कोण लावणार आता?" तोंडून निघून गेलं, आणि तिचं तिलाच वाईट वाटलं. मी सूप तिच्यापुढं धरलं. फोटो काढून ती म्हणाली, साली बघून नुसतं संत्री आली एवढं कळतं, किती वेळानं आली ते नाही. त्यासाठी सांजेला परत संत्री सोडते. "या वेळी तरी फोन करा, बाबा. आणि खाऊ नका."

दुसऱ्या दिवशी सकाळी दगडावर जाऊन बसलो. बऱ्याच वेळानं एक आलं, बायको धुणं धुवायची तिथंच येऊन अडलं. मी फोन लावला. "आलं गं पोरी. हाटेलाकडचं पाणी आमच्या विहिरीशी आलं. वेळ लिही, नंबर लिही, आन् गावाला सांग." नंबर वाचून दाखवला. फोन ठेवला आणि संत्रं सोललं. अर्धं सालीलाच गेलं. उरलेलं खाल्लं, तसंच, न धुता.

साल सुपात टाकली, बायकोच्या सालींशेजारी. फार जाड निघाली होती. वाळायला वेळ लागेल.